पंडिता रमाबाई : ख्रिस्ती झाल्या, पण बिशपांचंही ऐकलं नाही

ख्रिस्ती बाई स्त्रीवादी असू शकते का? या प्रश्नावर सोशल मीडियावर अधूनमधून वाद रंगतो. एक बाजू बायबलमधली पौलाची पत्रं पुढे करते : पत्नीने पतीच्या अधीन असावं, मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावं. दुसरी बाजू येशू स्त्रियांशी कसा वागला ते सांगते. महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं सगळ्यात ठळक उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. आईने ते रमाबाईंना दिलं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ च्या सुरुवातीला पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक लिहिलं. आज ते वाचताना आश्चर्य वाटतं, कारण त्यात पतिसेवेचा बराच पारंपरिक उपदेश आहे. त्याच पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. कारण काय? पुढे लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात, की धर्मग्रंथांचं इतर बाबतींत एकमेकांशी पटत नव्हतं, पण स्त्रीजात वाईट आणि पतिभक्तीवाचून तिला मोक्ष नाही यावर मात्र एकमत होतं. लंडनमधल्या फुलहॅम इथे त्यांनी मठातल्या भगिनींना समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांची सेवा करताना पाहिलं. त्याच काळात योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचली. पाच नवरे झालेल्या आणि परक्या समाजातल्या त्या बाईशी येशू विहिरीवर बसून धर्माविषयी बोलतो. रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याच्या मुळाशी अशी स्त्रीची जागा आहे.

चर्चची त्यांच्याबद्दलची अपेक्षा मात्र वेगळी होती. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण इंग्रज पुरुषांना त्यांनी शिकवावं अशी कल्पना पुढे आली, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं वजन कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना याचं नवल वाटलं. त्यांच्या आईने आणि त्यांनी स्वतः तरुण पुरुषांना शिकवलं, त्याला ना वडिलांनी हरकत घेतली होती ना पतीने. सनातनी म्हणवणाऱ्या देशात जे चाललं, ते सुधारलेल्या इंग्लंडात चालेना!

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या दोघींचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने छापला गेला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, आज्ञापालन, सगळ्यावर त्यात खटके उडतात. १८८५ च्या एका पत्रात रमाबाई स्पष्ट सांगतात, की आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. शास्त्री-पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. त्यांचा विश्वास ख्रिस्तावर होता, पाद्र्यांच्या हुकमावर नव्हता.

इकडे मायदेशीही टीका सुरूच होती. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण असे लोक थोडे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन, हे विधवा व मुलींसाठीचं वसतिगृह आणि शाळा, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथे धर्मप्रचार होणार नाही असं ठरलं होतं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात हे कळल्यावर ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू यांनी मात्र त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, हिंदू राहूनच.

दौंडजवळच्या केडगावात १८९६ नंतरच्या दुष्काळांत ‘मुक्ती’ उभी राहिली. सुरुवातीच्या एका पुस्तकात पतिसेवा शिकवणाऱ्या रमाबाईंच्या या संस्थेत बायका शेती, गुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना सांभाळत होत्या. बाईचं काम आणि पुरुषाचं काम ही वाटणी तिथे बरीचशी गळून पडली. इथेही सगळं निर्दोष नव्हतं. उत्तरायुष्यात धर्मप्रसाराला आलेलं महत्त्व आणि हिंदू स्त्रीचं त्यांनी परदेशात रंगवलेलं असहाय चित्र यांवर आजचे अभ्यासकही आक्षेप घेतात, आणि त्यात तथ्य आहे.

शेवटची अनेक वर्षं रमाबाई एकाच कामात होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या मूळ बायबल साध्या मराठीत आणत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल असं. धर्मग्रंथाचा अर्थ लावणं हा तोवर पुरुषांचाच प्रांत होता. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. १९२४ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.