समोरच्या खुर्चीतला माणूस

खेळाच्या कार्यक्रमात स्पर्धकांना प्रश्न विचारण्याच्या कामाला मराठीत अजून स्वतःचं नाव मिळालेलं नाही. 'सूत्रसंचालक' म्हणावं तर सत्कारसमारंभातला शाल-श्रीफळ पुकारणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. 'निवेदक' म्हणावं तर आकाशवाणी आठवते, आणि 'प्रश्नकर्ता' म्हणावं तर शाळा तपासनीस. शेवटी लोक 'होस्ट' म्हणून मोकळे होतात. नाव नसण्याचं कारण शब्दांची टंचाई नाही. ही भूमिकाच आपल्याकडे नव्हती. प्रश्नोत्तरांच्या झुंजी मात्र होत्या, आणि भरपूर होत्या. कलगी-तुऱ्याच्या फडांत कलगीवाले शक्तीची आणि तुरेवाले शिवाची बाजू घेत, भेदिक लावणीतून एकमेकांना कोडी घालत, आणि समोरच्या फडाला उत्तर देता आलं नाही तर त्याची नामुष्की होई. पण तिथे प्रश्न विचारणारा हा प्रतिस्पर्धीच असे. तुमच्या हरण्यात त्याची जीत असे. उत्तर आधीपासून ठाऊक असलेला, तुमच्या हरण्याजिंकण्यात स्वतःचा काहीही लाभ नसलेला आणि वर दुसऱ्याच कुणाचे तरी पैसे तुमच्या हातावर ठेवणारा तिसरा माणूस त्या फडात बसतच नाही. तो रेडिओने जन्माला घातला आणि त्याच्या पगाराची सोय साबण-टूथपेस्टवाल्यांनी केली. असा माणूस व्हायचं कसं, या प्रश्नाला हल्ली तीन ठरलेली उत्तरं मिळतात: आवाज हवा, चेहरा हवा, ओळख हवी. या धंद्याचा इतिहास पाहिला तर तिन्ही अपुरी ठरतात. ज्यांना ही खुर्ची मिळाली आणि टिकली, त्यांना समोर बसलेल्या अनोळखी माणसाशी एक नातं जोडता आलं होतं, आणि ते नातं त्या त्या काळातल्या प्रेक्षकांना खरं वाटलं होतं.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण धंदा तिथला. राल्फ एडवर्ड्‌स यांनी 1940 साली 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' हा खेळ रेडिओवर आणला. तो दूरचित्रवाणीवर गेल्यावर 1956 मध्ये त्यांना नवा माणूस हवा होता. गाडी चालवताना रेडिओवर त्यांच्या कानी बॉब बार्कर नावाचा एक निवेदक पडला आणि त्यांनी त्याला बोलावून घेतलं. बार्करचा तो कार्यक्रम प्रेक्षकांतल्या साध्या माणसांना बोलतं करण्याचा होता. एडवर्ड्‌सना काय भावलं असेल याचा अंदाज एवढ्यावरूनच बांधता येतो, कारण भारदस्त आवाजाच्या निवेदकांना तेव्हा तोटा नव्हता. हाच बार्कर पुढे 1972 पासून 2007 पर्यंत 'द प्राइस इज राइट'चा चेहरा होता. त्याच काळातलं उलट टोक म्हणजे जॅक बॅरी. बॅरीची भाषा, पोशाख, अदब यांत काहीही उणं नव्हतं. पण त्याच्या 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात स्पर्धकांना उत्तरं आधीच पढवली जात होती. चार्ल्स व्हॅन डोरेन या लाडक्या विजेत्या प्राध्यापकाने 1959 साली संसदेच्या उपसमितीपुढे तशी कबुली दिली. 1960 मध्ये अशा बनवाबनवीला गुन्हा ठरवणारा कायदा झाला आणि बॅरीला पुढची अनेक वर्षं देशव्यापी वाहिन्यांवर काम मिळालं नाही. व्हॅन डोरेनची नाचक्की झाली ती खोटं बोलल्याबद्दल. बॅरीची झाली ती पंच असूनही एका बाजूला मिळाल्याबद्दल. पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या समाजाला हा भेद वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्याकडे हा माणूस रेडिओच्याच दाराने आला, पण सरकारी रेडिओच्या नव्हे. माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांची नाकेबंदी केली (शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं) आणि श्रोते काटा फिरवून रेडिओ सिलोनकडे वळले. 1952 च्या डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरांत पोहोचले. 'गीतमाला' म्हणजे काही प्रश्नमंजूषा नव्हे, हे खरं. पण अनोळखी लाखो माणसांना एकेकटं संबोधायची रीत तिथे घडली. भाषणबाज पुढारी 'भाइयो और बहनो' म्हणत. सयानींनी क्रम फिरवून 'बहनो और भाइयो' केलं. त्यामागे घरचं वळण होतं. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' हे पाक्षिक काढत. नवसाक्षरांसाठी असलेल्या या पाक्षिकात सोपी हिंदुस्तानी देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापली जाई. अमीन त्यात हातभार लावत आणि आपल्या बोलण्यातल्या साधेपणाचं श्रेय त्या कामाला देत. थोरले बंधू हमीद सयानी हे इंग्रजीतले नामवंत प्रसारक. रेडिओवरच्या 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट'चे प्रश्न तेच विचारत. 1975 साली त्यांचं निधन झालं आणि ते काम अमीन यांच्याकडे आलं. शाळकरी मुलांना प्रश्न विचारायचे, चूक झाली तर मूल खट्टू होऊ द्यायचं नाही आणि घड्याळही सांभाळायचं, हे काम ज्या माणसाकडे आलं त्याने वीसेक वर्षं 'बहनो और भाइयो' म्हणण्यात घालवली होती. हा योगायोग मानणं अवघड आहे.

दूरचित्रवाणीवर दुसरं नातं आलं, मास्तरांचं. कोलकात्यात नील ओब्रायन यांनी 1967 साली एका चर्चच्या सभागृहात भरवलेली प्रश्नमंजूषा ही देशातली पहिली रीतसर प्रश्नमंजूषा मानली जाते. पुढे त्यांचे चिरंजीव डेरेक नव्वदच्या दशकात 'बोर्नव्हिटा'ला घेऊन झी टीव्हीवर आले. बापाचा धंदा मुलाने चालवल्याचं या क्षेत्रातलं हे विरळा उदाहरण. त्याआधी 1985 मध्ये दिल्लीच्या रंगभूमीवर वावरलेले सिद्धार्थ बसू दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' घेऊन आले. महाविद्यालयांचे संघ, इंग्रजी प्रश्न आणि चूक झाली तरी संयत राहणारा क्विझमास्तर असा तो मामला. एकच वाहिनी असल्यामुळे ज्यांना त्यातलं निम्मं कळत नव्हतं तेही तो बघत. पण मास्तरांच्या नात्याला मर्यादा असते. त्यांच्यापुढे जायला आधी अभ्यास झालेला असावा लागतो, आणि ज्याचा झालेला नाही तो मागच्या बाकावरून उठतच नाही. ही मर्यादा बसूंइतकी कुणाला जाणवली नसावी, कारण मागच्या बाकावरच्यांना पुढे आणणारा कार्यक्रम पुढे त्यांनीच उभा केला.

इथे पहिला आक्षेप येतो. 3 जुलै 2000 रोजी स्टार प्लसवर बसूंचा हा कार्यक्रम, 'कौन बनेगा करोडपती', सुरू झाला आणि त्या खुर्चीत अमिताभ बच्चन बसले. ते ना क्विझमास्तर, ना रेडिओनिवेदक. मग प्रसिद्धी हीच पात्रता नव्हे काय? आणि नसेलच, तर तो आवाज? आवाजाचा मुद्दा चटकन निकालात काढता येतो. आकाशवाणीने हा आवाज नाकारला होता. आवाजाची चाचणी द्यायला हा तरुण वेळ न ठरवता आला म्हणून आपण त्याला भेटलो नाही, असं खुद्द अमीन सयानींनी सांगून ठेवलं आहे. मृणाल सेन यांनी 'भुवन शोम' या चित्रपटाच्या निवेदनासाठी हा आवाज 1969 मध्येच वापरला. म्हणजे आवाज एकतीस वर्षं तयार होता, खुर्ची नव्हती. प्रसिद्धीचा मुद्दा अधिक वजनदार आहे, पण त्याच वर्षी त्याचा निकाल लागला. झी टीव्हीने बक्षिसाची रक्कम दहापट करून 'सवाल दस करोड का' आणला आणि त्यात अनुपम खेर व मनीषा कोइराला अशी जोडी बसवली. खेर हे नाट्यशिक्षण घेतलेले मुरलेले नट. तरीही काही महिन्यांतच कार्यक्रम गुंडाळावा लागला. पुढल्या वर्षी सोनीने गोविंदाला 'जीतो छप्पर फाड के'मध्ये आणलं. तोही फार चालला नाही. मग बच्चन यांच्याकडे वेगळं काय होतं? सत्तावन्न वर्षांचं वय, कर्जात बुडालेली कंपनी, पडलेले चित्रपट. सत्तरच्या दशकातला संतप्त तरुण त्या खुर्चीत बसला असता तर समोरचा माणूस दबून गेला असता. स्वतः ठेचाळलेला, 'आप' म्हणणारा, बाईमाणसासाठी खुर्ची ओढून देणारा वडीलधारा तिथे बसला, आणि मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने त्याच वर्षी पहिलं कोटीचं बक्षीस नेलं तेव्हा लोकांना घरातल्या मोठ्या माणसाने पोराची पाठ थोपटल्यासारखं वाटलं.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे. असं म्हणता येईल की होस्ट हा फक्त मुखवटा. खरं काम करतो तो साचा. प्रश्नांची शिडी, काळजात धडधड भरवणारं संगीत, अंधारलेला मंच, 'करोडपती'चं सगळं 1998 मध्ये ब्रिटनमध्ये ठरलं आणि देशोदेशी तसंच्या तसं उचललं गेलं. हे खरं आहे, आणि म्हणूनच हा साचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. बाकी सारं तेच ठेवून फक्त माणूस बदलला तर काय होतं, ते त्यात दिसतं. ब्रिटनमध्ये तिथे ख्रिस टॅरंट होता, सकाळच्या रेडिओवर लंडनकरांना हसवून कामाला धाडणारा. त्याचं नातं समोरच्याची फिरकी घेणाऱ्या मित्राचं. आपल्याकडे 2007 साली तिसऱ्या पर्वात शाहरुख खान आले. दूरदर्शनच्या 'फौजी'तून वर आलेले, हजरजबाबी, लोकप्रियतेच्या शिखरावर. त्यांनी बरोबरीच्या दोस्ताचं नातं धरलं, स्पर्धकांना मिठ्या मारल्या. पर्व वाईट नव्हतं, पण चौथ्या पर्वासाठी 2010 मध्ये सोनीने पुन्हा बच्चन यांनाच आणलं. सावधपणे सांगायचं तर 2007 पर्यंत वाहिन्यांची गर्दी वाढली होती आणि नवलाई ओसरली होती. सगळा दोष मिठ्यांच्या माथी मारता येणार नाही. तरी साचाच सर्व काही असता तर माणूस परत आणण्याचा खर्च कुणी केला नसता.

नात्याचा हा मुद्दा सर्वांत उघडपणे दिसतो तो मराठीत, कारण इथे ते नातं नावानिशी बोललं गेलं. 13 सप्टेंबर 2004 रोजी तेव्हाच्या अल्फा मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झाला. आदेश बांदेकर रंगमंचावरून आणि सह्याद्री वाहिनीवरच्या 'ताक धिना धिन'मधून आले होते. त्यांनी स्पर्धक बाईला 'वहिनी' म्हटलं आणि महाराष्ट्राने त्यांना 'भावोजी' केलं. वरवर साधी वाटणारी ही निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. परक्या पुरुषाने बाईच्या घरात शिरायचं, तिला धावायला, उड्या मारायला लावायचं, नवऱ्यादेखत लग्नाच्या गमती विचारायच्या, आणि सासूने हे सगळं हसत बघायचं. 'ताई' म्हणून हे जमत नाही. भावाने बहिणीची अशी थट्टा करणं शोभत नाही. 'मॅडम' म्हटलं तर चहासुद्धा पाहुण्यांच्या कपांतून येईल. मराठी घरात थट्टेचा परवाना असतो तो दिराला. तो परवाना हाती असल्यामुळेच बक्षीस कोटींचं नसून एका पैठणीचं होतं, तरी कार्यक्रम दीड दशकाहून अधिक चालला. उलट 2022 मध्ये 'महामिनिस्टर' म्हणून अकरा लाखांची पैठणी ठेवली तेव्हा टीका झाली, आणि ती अनपेक्षित म्हणता येत नाही. दीर वहिनीला साडी नेसवतो, तिजोरी नाही देत. हे नातं खेळाबाहेर वटतं असंही नाही: 2009 च्या विधानसभा निवडणुकीत बांदेकर माहीममधून उभे राहिले आणि पडले.

या कार्यक्रमाने आणखी एक गोष्ट घडवली, जिची नोंद दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणारे सहसा घेत नाहीत. नवरात्र, हळदीकुंकू, महिला दिन किंवा निवडणुकीचं वर्ष आलं की गावोगावी 'खेळ पैठणीचा'चे फलक लागतात. मांडव, भाड्याचे स्पीकर, नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, खुर्च्यांवर शे-दोनशे बायका, आणि हातात माइक घेतलेला स्थानिक 'भावोजी'. बिदागी ठरवून असे कार्यक्रम घेणाऱ्यांचा एक व्यवसायच उभा राहिला आहे. हा धंदा शिकवणारी शाळा कुठे असेल तर ती तिथे आहे. चित्रीकरण थांबवून पुन्हा घ्यायची सोय नाही, वीज जाते, एखादी आजी माइक सोडत नाही, एखादी सून सासूकडे बघून गप्प होते, आणि मंचावर आलेल्या साहेबांचं भाषण खेळाच्या मध्येच घुसतं. यातून जो तरतो त्याला बार्करने रेडिओवर जे कमावलं तेच कमवावं लागतं. वाहिन्या मात्र त्याच्याकडे बघत नाहीत. त्यांना ओळखीचा चेहरा लागतो, कारण जाहिरातदाराला तो लागतो. चेहरा आणि पात्रता यांतला हा फरक आहे: पहिला दार उघडतो, दुसरी आत टिकवते.

एवढं म्हटल्यावर मूळ विधानाची एक अडचण मान्य करावी लागते. नातं हीच किल्ली असेल तर बायकांना ही खुर्ची सहज मिळायला हवी होती. नाती सांभाळण्याचं काम आपण त्यांच्याच गळ्यात घालत आलो आहोत. झालं उलटं. पल्लवी जोशी, रेणुका शहाणे झीच्या 'अंताक्षरी'त दिसल्या त्या अन्नू कपूर यांच्या जोडीला. एकटीने प्रश्न विचारायची खुर्ची नीना गुप्तांना मिळाली 'कमजोर कडी कौन'मध्ये, पण ती मूळ ब्रिटिश कार्यक्रमाबरहुकूम स्पर्धकाचा पाणउतारा करणारी खाष्ट बाई म्हणून, आणि कार्यक्रम लवकरच आटोपला. बाईने विचारावं ते दरडावून, एवढंच नातं त्या साच्याने तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. प्रेक्षक आणखी काही स्वीकारणार नाहीत हे वाहिन्यांनी गृहीत धरलं. तपासून पाहिलं नाही. पुरुषांच्या बाबतीत मात्र तपासायचं धाडस झालं. 2013 मध्ये 'कोण होईल मराठी करोडपती' आला तेव्हा सचिन खेडेकर यांनी बच्चन यांच्या वडीलधारेपणाचा मराठी मध्यमवर्गीय अवतार उभा केला, 2016 मध्ये स्वप्नील जोशी आले, आणि 2019 मध्ये सोनी मराठीने ती खुर्ची नागराज मंजुळे यांना दिली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या या दिग्दर्शकाकडे ना कमावलेला आवाज होता, ना निवेदकाची प्रमाण भाषा. पण गावाकडून आलेल्या स्पर्धकाला समोर आपल्यातलाच कुणीतरी दिसत होता आणि तो मोकळा बोलत होता. म्हणजे नवं नातं आजमावायला वाहिनी तयार होती. हिंदी-मराठी करोडपतीची सगळी पर्वं धरली तर त्या खुर्चीत आजवर पाच जण बसले, आणि पाचही पुरुष: बच्चन, खान, खेडेकर, जोशी, मंजुळे.