सारांश आणि प्रस्तावना : देवगिरीचीं दोन उदाहरणें

शोधलेखाच्या आरंभीं सारांश व प्रस्तावना असे दोन भाग हल्लीं मागितले जातात. पुष्कळ तरुण अभ्यासक पहिल्यांतील वाक्येंच फिरवून दुसऱ्यांत घालतात, असा आमचा अनुभव आहे. वस्तुतः दोहोंचें कार्य भिन्न असून त्यांची गल्लत केल्यास इतिहासाचीच हानि होते. हें दाखविण्यास दूर जावयास नको. छत्रपति संभाजीनगरापासून सुमारें 15 किलोमीटरांवरील देवगिरि, म्हणजे आजचें दौलताबाद, येथें तेराव्या शतकांत दोहोंचेही उत्तम नमुने निर्माण झाले.

पहिला नमुना प्रस्तावनेचा. यादव राजा महादेव (इ. स. 1261–1271) ह्याचा श्रीकरणाधिप हेमाद्रि ह्याच्या नांवें ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याच्या व्रतखंडास राजप्रशस्ति जोडलेली आहे. तींत व्रतांचें सार नाहीं. राजा कोण, त्याचा वंश कोणता, ह्याचें वर्णन आहे. सुमारें सहा शतकांनंतर, 1884 सालीं प्रसिद्ध झालेल्या दक्षिणेच्या प्राचीन इतिहासांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं यादवांची वंशावळ लाविली, ती ह्या प्रशस्तीच्या साह्यानें. व्रतखंडाचा केवळ सारांश उरता, तर व्रतें कळलीं असतीं. यादव कळले नसते.

दुसरा नमुना सारांशाचा. हेमाद्रीच्या आश्रयास असलेल्या बोपदेवानें ‘हरिलीला’ ह्या लहानशा ग्रंथांत भागवताच्या बारा स्कंधांचा अर्थ अध्यायवार संक्षेपानें दिला आहे. मूळ ग्रंथ हातीं नसतांही स्वतंत्रपणें उभें राहणें हा सारांशाचा गुण होय. परंतु गुणाच्या पोटींच दोष असतो. बोपदेव हाच भागवताचा कर्ता, अशी समजूत पुढें पसरली, आणि एकोणिसाव्या शतकांत कोलब्रूक व विल्सन ह्यांच्यासारख्या पंडितांनींही ती ग्राह्य मानिली. सार सांगणारा मूळ ग्रंथाचा धनी ठरला! वास्तविक इ. स. 1030 च्या सुमारास अल्बेरुणीनें दिलेल्या पुराणांच्या यादींत भागवताचें नांव आहे. म्हणजे तें बोपदेवापूर्वीं दोन शतकें ज्ञात होतें. शिवाय मंत्री हेमाद्रीच्या संतोषार्थ आपण भागवताच्या स्कंधाध्यायांचा अर्थ निरूपित आहों, असें बोपदेव आरंभींच स्वच्छ सांगतो. हा एक श्लोक म्हणजेच ‘हरिलीले’ची प्रस्तावना. तेवढा लक्षांत घेतला असता, तर एवढ्या वादाचें कारण उरलें नसतें.

आमच्या शास्त्रकारांनीं ग्रंथारंभीं विषय, प्रयोजन, अधिकारी व संबंध हें अनुबंधचतुष्टय सांगावें असा दंडक घातला, त्याचें मर्म हेंच. प्रस्तावनेनें प्रश्न कोठून उद्भवला, पूर्वसूरींनीं काय म्हटलें व कोणतें स्थळ मोकळें राहिलें, हें सांगून वाचकास दारापर्यंत आणावें. निर्णय मात्र तेथें उरकूं नये. सारांशानें प्रश्न, प्रमाणें व निर्णय हीं तिन्ही थोडक्यांत सांगावीं, आणि लेख पुरा झाल्यावरच तो लिहावा. सारांश वाचून लेख वाचावा कीं नाहीं हें ठरतें. प्रस्तावना वाचून तो कसा वाचावा हें कळतें. अभ्यासकांनीं दोन्ही लिहावीं; मात्र केवळ सारांशावर विसंबून मूळ लेखाविषयीं मत बनवूं नये, इतकीच आमची विनंति आहे.