दिनविशेष : १५ जुलै
२००६ : मामोरू होसोदा यांचा ‘द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम’ हा ॲनिमेशनपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. मूळ कादंबरिका यासुताका त्सुत्सुई यांची. शाळकरी मुलांच्या मासिकांतून ती १९६५-६६ मध्ये क्रमशः आली, १९६७ मध्ये पुस्तक निघाले. शाळेच्या प्रयोगशाळेत लॅव्हेंडरचा वास येतो, नायिका काझुको बेशुद्ध पडते आणि मग काळात मागे जाऊ लागते. जीव जडतो तो मुलगा निघतो भविष्यातला. जाताना तिच्या आठवणीही पुसून जातो. नोबुहिको ओबायाशी यांनी १९८३ मध्ये हीच गोष्ट आपल्या ओनोमिची गावात चित्रित केली होती.

होसोदांनी मात्र काझुकोला मावशी केले आणि नायिका केली तिची अवखळ भाची, माकोतो. काळावर सत्ता मिळाल्यावर ही पोरगी करते काय? बहिणीने खाल्लेले पुडिंग परत मिळवते, कारिओकेचा वेळ वाढवते आणि जिवलग मित्राने प्रेमाचा विषय काढला की तो क्षणच पुसून टाकते! सतराव्या वर्षी कुणीही हेच केले असते. जपान अकादमीने ॲनिमेशनपटांसाठी सुरू केलेल्या पुरस्काराचा पहिला मान याच चित्रपटाला मिळाला. त्सुत्सुईंच्याच ‘पाप्रिका’ कादंबरीवरचा सातोशी कोन यांचा चित्रपटही त्याच वर्षीचा.