मिरजेची तंतुवाद्ये आणि भोपळ्याचे माप

मिरजेच्या तंतुवाद्यनिर्मितीचा इतिहास प्रायः एका घराण्याचा व एका दरबाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे घडविणारे व त्यांना पाणी देणारे शिकलगार, इंग्रजी अंमल स्थिरावून शस्त्रांची मागणी ओसरल्यावर अन्य कामांकडे वळले. त्यांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संगीतप्रेमी संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता स्वतः तानपुरे व सतारी घडविण्यास आरंभ केला, आणि कालांतराने ‘सतारमेकर’ हेच त्या घराण्याचे नाव होऊन बसले, अशी ही परंपरा आहे. ती मुळात ग्राह्य आहे. परंतु तीत एक पक्ष मुळीच आढळत नाही. तो पक्ष म्हणजे पंढरपूर व मंगळवेढे या भागांत वाद्याचा भोपळा पिकविणारा शेतकरी. त्याला वगळून मिरजेच्या वाद्यांचे आकार, विशेषतः लहान वाद्याचे स्वरूप, समजणे कठीण आहे.

वाद्यास लागणारा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा असून वेलावर पूर्ण पक्व होऊ द्यावा लागतो व त्यानंतर कित्येक महिने वाळवावा लागतो. भीमेच्या खोऱ्यातील बेगमपूर, सिद्धेवाडी इत्यादी गावे या पिकासाठी प्रसिद्ध आहेत. मिरजेस आलेला वाळका भोपळा कारागीर कापतो, पाण्यात भिजवून मऊ करतो, आतील गर खरवडून काढतो आणि आत काठ्यांचे आधार देऊन त्यास डौल आणतो. हा डौल आणण्यास मर्यादा आहे. दोन-चार बोटांचा फरक कारागिराच्या हाती असतो. घेर व खोली ही शेतातच ठरून आलेली असतात. भोपळ्याच्या मापावरून गळ्याची रुंदी, तिच्यावरून तबलीचा पन्हा आणि त्यांच्या प्रमाणात तुणीच्या लाकडाची दांडी, असा हा क्रम आहे. कारागीर भोपळ्यासाठी वाद्य बेततो, वाद्यासाठी भोपळा नव्हे.

या दृष्टीने पाश्चात्त्य गिटारशी तुलना उद्बोधक ठरते. गिटारच्या बाजूच्या पट्ट्या ओल्या करून उष्णतेने साच्याभोवती वाकविल्या जातात. तेथे आकार निर्माता ठरवितो व तोच आकार शेकडो वेळा तंतोतंत उतरवू शकतो. एकोणिसाव्या शतकातील गिटार लहान अंगाची असून तिला आतड्याच्या तारा असत. विसाव्या शतकात, विशेषतः १९२० नंतर, अमेरिकेत पोलादी तारांचा प्रसार झाला, तेव्हा त्यांचा ताण सोसण्यासाठी पोटातील आधारपट्ट्या भक्कम कराव्या लागल्या, आणि मोठ्या आवाजाच्या मागणीमुळे अंगही वाढले. आज तेथे जुन्या धर्तीच्या लहान गिटारी पुन्हा घडविल्या जातात. परंतु त्यासाठी साचा बदलला की काम भागते. मिरजेत बदलावयाचा साचा वेलावर असतो.

वाद्य लहान करणे म्हणजे त्याची सर्व मापे सारख्या प्रमाणात घटविणे, असा समज पुष्कळदा आढळतो. तारशास्त्र त्याच्या विरुद्ध आहे. जाडी व धातू तेच ठेवून तार मूळ लांबीच्या पाऊणपट केली आणि स्वर तोच ठेवावयाचा असेल, तर ताण मूळच्या नऊ-सोळांशावर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर, आणावा लागतो. अशी ढिली तार घोडीवर लोळते व नाद बसतो. जाड तार चढविली तर ताण सुधारतो, पण ताठर तारेचे उपस्वर शुद्ध प्रमाणापासून ढळू लागतात. गायकांचा तानपुरा काळी एकच्या आसपास व गायिकांचा काळी चार-पाचच्या आसपास मिळविला जातो. गायिकेच्या तानपुऱ्याची तार आखूड असूनही सुरेल लागते, कारण तिचा स्वरच उंच आहे. तो पुरुषी तानपुऱ्याची लहान प्रत नाही. प्रवासासाठी केलेल्या दोन-तीन फुटी तंबोरीकडून मात्र काळी एकचा भरदार खर्ज अपेक्षिणे अन्यायाचे आहे. तिच्या लहान पोकळीतील हवाही खालच्या स्वरांना पुरेशी साथ देत नाही.

ही उणीव कारागीर जवारीने काही अंशी भरून काढतो. घोडीचा माथा किंचित उतरता घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून, तार घोडीला कंपनागणिक हलकेच स्पर्श करील अशी योजना केली जाते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखविले की, तानपुरा व वीणा यांच्या घोडीमुळे, ज्या बिंदूवर तार छेडली जाते तेथे निस्पंद असणारे उपस्वरही ऐकू येतात. यंग-हेल्महोल्ट्झ नियमानुसार ते अनुपस्थित असावयास हवे होते. कलकत्त्यात हे सिद्ध होत असता मिरजेतील कारागीर तेच तत्त्व कानसाने हाताळीत होते. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांची तानपुरा मिळविण्याविषयीची काटेकोर दृष्टी प्रसिद्धच आहे, कृ. ब. देवल यांच्या श्रुतिविषयक प्रयोगांतही त्यांचा सहभाग होता. असे गिऱ्हाईक उंबऱ्याशी असणे ही कारागिराला कोणत्याही देणगीपेक्षा मोलाची गोष्ट होय.

लहान तुंब्याच्या वाद्याची दुसरी परंपरा वारकऱ्यांच्या वीणेची आहे. वऱ्हाडातील डोणगावसारख्या गावापासून कृष्णाकाठापर्यंत, जेथे अखंड हरिनाम सप्ताह होतो तेथे वीणेकरी उभा राहून पहारा देतो. तासन्‌तास गळ्यात वागवावयाचे वाद्य हलकेच हवे. मैफलीच्या तानपुऱ्याची खोली तेथे निरुपयोगी आहे. जो भोपळा तानपुऱ्यास अपुरा, तो वीणेस योग्य. ज्या पंढरीच्या परिसरात भोपळा पिकतो, तिकडेच ही वीणा दरवर्षी चालत जाते, हा योगायोगही नोंदविण्याजोगा आहे.

१९४८ मध्ये मिरज संस्थान विलीन झाले. राजाश्रय हेच या धंद्याचे मूळ असते, तर तो तेव्हाच खचावयास हवा होता. तसे घडले नाही. मागणी मैफली, संगीतविद्यालये व परदेशी विद्यार्थी यांच्याकडून येत राहिली, आणि भीमेकाठचा भोपळाही येत राहिला. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने मागणी घटविली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सांबरशिंगाच्या घोडीची जागा उंटाचे हाड व शिसव यांनी घेतली. घोडीला असा पर्याय मिळाला. तुंब्यासाठी लाकूड वा फायबर योजले जाते, पण अनेक गवयी ते आजही दुय्यम मानतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. त्यायोगे मिरज हे नाव सुरक्षित झाले. भोपळा मात्र मिरजेपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, अशा रानात पिकतो जेथे त्याच पाण्यावर ऊसही घेता येतो.