दोलामुद्रित

जुन्या मराठी पुस्तकांचा शोध घेणाऱ्यांच्या बोलण्यात ‘दोलामुद्रित’ हा शब्द वारंवार येतो. १८६७ पूर्वी छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांना आपल्या सूचीकारांनी हे नाव दिले. ग्रंथसंग्रहालयाच्या बाहेर हा शब्द फारसा ऐकू येत नाही आणि अनेक वाचकांना तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्याचा अर्थ लागत नाही. अर्थ उलगडला, की मात्र तो मनातून जात नाही, इतका तो नेमका आहे.

‘दोला’ म्हणजे झोपाळा, पाळणा. संस्कृतातल्या ‘दुल्’ म्हणजे हलणे, झुलणे या धातूपासून तो झाला. त्याची भावंडे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत: डोलणे, डोली, घड्याळाचा दोलक, निर्णय होत नसला की दोलायमान होणारे मन. ‘दोलामुद्रित’ म्हणजे पाळण्यात असताना छापलेले, मुद्रणकलेच्या बाळपणीचे पुस्तक. कल्पना युरोपातून आली. लॅटिनमध्ये ‘इनकुनाबुला’ म्हणजे तान्ह्या बाळाची दुपटी, पाळणा, आणि त्यावरून कोणत्याही गोष्टीचा आरंभ. पुढे तिकडच्या अभ्यासकांनी हा शब्द मुद्रणाच्या आरंभकाळाला लावला आणि १६८८ साली ॲमस्टरडॅममध्ये कॉर्नेलियस फान ब्यूघम याने पंधराव्या शतकातल्या छापील ग्रंथांची यादी याच शब्दाखाली प्रसिद्ध केली. जर्मनांनी त्याचा ‘वीगनड्रुक’ केला, म्हणजे सरळ पाळणाछाप. मराठी शब्दाची घडण या जर्मन शब्दाला सर्वांत जवळची आहे.

पण मराठीत पाळण्याला लॅटिनपेक्षा जास्त अर्थ आहे. आपल्याकडे मूल पाळण्यात घालतात ते नाव ठेवण्यासाठी. पाळणा आला की बारसे आले. म्हणून या शब्दाला मराठीत एक जबाबदारी आपोआप चिकटते: पाळण्यातल्या पुस्तकाला कुणीतरी नाव दिले पाहिजे, त्याची नोंद केली पाहिजे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली ती याच कामाचा मोठा भाग आहे.

इथे कालमर्यादेचा प्रश्न येतो. युरोपात ‘इनकुनाबुला’ची हद्द इसवी सन १५०० अखेर धरतात. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुद्रणकलेत काही बदलले नव्हते. शतक संपले, एवढेच. मराठीची हद्द मात्र कायद्याने आखली. १८६७ च्या २५ व्या कायद्याने छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले, पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करायला लावल्या आणि दर तीन महिन्यांनी त्यांची यादी निघू लागली. हेतू देखरेखीचा होता, पण त्यामुळे पुस्तकाच्या जन्माची नोंद कागदावर येऊ लागली. त्याआधीच्या पुस्तकाला असा कायद्याचा दाखला नाही. अनेकदा ते पुस्तक छापले होते याचा पुरावा म्हणजे ते पुस्तकच. शेवटची प्रत गेली, की पुस्तक होते की नाही इथपासून वाद सुरू होतो.

हे भय कल्पनेतले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. छापले म्हणजे टिकले, ही समजूत मराठी मुद्रणाच्या पहिल्याच शतकाने खोटी ठरवली आहे.

‘दोला’नंतर ‘मुद्रित’. मुद्रा म्हणजे शिक्का, ठसा. राजमुद्रा कागदावर उमटवायची, तसे अक्षर उमटवायचे. मराठी मुद्रणाचा पाळणा एका जागी हलत नव्हता आणि ठसाही एका धातूचा नव्हता. पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने नाना फडणवीसांनी पुण्यात एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरायला शिकवण्याची व्यवस्था केली. १८०० मध्ये नाना गेले. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ मध्ये तिथे भगवद्गीता छापून निघाली. ताम्रपट कोरण्याची आपली परंपरा फार जुनी, पण ताम्रपटावर अक्षर सुलटे असते. छपाईसाठी तेच उलटे कोरावे लागते. हात तोच, दृष्टी नवी. त्याच १८०५ साली दूर बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण खिळ्यांनी छापले गेले आणि १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश मोडी खिळ्यांत आला. ‘खिळा’ हा छापखान्यातला खरा शब्द. ते जुळवणारा तो ‘जुळारी’. मोडी ही दौडत्या हाताची लिपी, जिची अक्षरे एकमेकांना धरून चालतात. तिला सुट्या खिळ्यांत बसवणे किती अवघड होते, हे ते पान समोर असल्याशिवाय कळत नाही.

तिसरी रीत शिळाछापाची. सपाट दगडावर तेलकट शाईने अक्षर उतरवायचे, दगड ओला ठेवायचा. पाणी आणि तेल एकमेकांना धरत नाहीत, म्हणून शाई अक्षरावरच बसते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाछापात लेखकाचे वळण जसेच्या तसे उमटे, म्हणून या काळातल्या कितीतरी पोथ्या छापील असूनही लांबट, सुट्या पानांच्या आणि बोरूच्या वळणाच्या आहेत. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसे छापील पोथीला शिवत नसत, आणि गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरून हा अडसर दूर केला, असे सांगितले जाते.

शब्दांचा इतिहास या सोवळ्याला वेगळेच उत्तर देतो. ‘पुस्तक’ या शब्दाचे मूळ अभ्यासक इराणी भाषांतल्या ‘पोस्त’ या शब्दात पाहतात. पोस्त म्हणजे कातडे. त्याच ‘पुस्तका’चे प्राकृतात ‘पोत्थअ’ झाले आणि आपली सोवळ्यातली ‘पोथी’ तिथूनच आली. पुस्तकाची ‘जिल्द’ अरबी. तिचाही मूळ अर्थ कातडे. पेशवे दफ्तरातले ‘दफ्तर’ फारसीतून आले, आणि फारसीत ग्रीक ‘दिफ्थेरा’वरून, तेही कमावलेले कातडे. तीन वेगळ्या वाटांनी आलेले हे तीन शब्द लेखनाच्या एकाच जुन्या साधनाची आठवण जपून आहेत. ‘ग्रंथ’ मात्र इथल्या मातीतला: ‘ग्रथ्’ म्हणजे गुंफणे, गाठणे. पाने दोऱ्यात ओवून गाठ मारली की ग्रंथ झाला.

पाळण्यातली पुस्तके जपून काय मिळते, याचे उत्तर इंग्लंडमधल्या एका छापखान्याने दिले आहे. विल्यम मॉरिस यांनी १८९१ मध्ये हॅमरस्मिथला केल्म्सकॉट प्रेस हा खासगी छापखाना काढला. ते स्वतः पंधराव्या शतकातल्या छापील ग्रंथांचे संग्राहक होते. व्हेनिसच्या निकोला जेन्सनच्या अक्षरांची छायाचित्रे मोठी करून त्यांनी ती पुन्हापुन्हा गिरवली आणि त्यावरून आपला पहिला टाइप घडवला. १८९६ मध्ये पूर्ण झालेला त्यांचा कवी चॉसरच्या रचनांचा ग्रंथ आजही सुंदर छपाईचा मानदंड मानला जातो. चारशे वर्षांपूर्वीची प्रत कुणीतरी सांभाळली नसती, तर ही छपाई या रूपात झाली नसती. मिरजेचे कोरीव अक्षर, श्रीरामपूरची मोडी आणि मुंबईची शिळाछाप वळणे यांत आजच्या देवनागरी अक्षररचनाकारांसाठी असेच धन आहे.

आता ‘प्रत’. हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो: एका पुस्तकाच्या अनेकांपैकी एक, आणि दर्जा. उत्तम प्रतीचा तांदूळ म्हणतो तो दुसरा अर्थ. दोलामुद्रिताच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. एका प्रतीत शेवटचे पान असते, दुसरीत नसते. एकीवर मालकाचे नाव आणि साल असते, दुसरीत वाचकाने समासात केलेली दुरुस्ती. त्यामुळे ‘आमच्याकडे दुसरी प्रत आहे’ हे उत्तर दोलामुद्रिताला लागू होत नाही.

ग्रंथालयांच्या कारभारात याच्या उलट टोकाचा एक शब्द आहे: ‘निर्लेखन’. जीर्ण किंवा दुबार पुस्तके नोंदवहीतून कमी करणे. शब्द हिशेबाचा आहे, पण फोड केली की निर् आणि लेखन, लिहिलेले नाहीसे करणे. नोंदीआधीच्या काळातले पुस्तक नोंदीतूनही गेले, तर त्याचा मागमूस उरत नाही. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली वाचनालये गावोगाव आहेत आणि त्यांच्या कपाटांत पहिली-शेवटची पाने गेलेली, म्हणून साल न कळणारी पुस्तके आहेत. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी अशा प्रत्येक पुस्तकाचा टाइप, कागद आणि बांधणी पाहावी, दात्यांच्या सूचीशी ताडावी, शंका राहिली तर पुस्तक ठेवून घ्यावे. १८६७ हे साल प्रत्येक ग्रंथपालाला तोंडपाठ असायला हवे. ‘दोलामुद्रित’ हा शब्द आपल्या सूचीकारांनी घडवला तो यासाठीच, आणि तो ग्रंथालयाच्या प्रत्येक टेबलावर रोज वापरात आला तरच त्यांचे काम पुरे होईल.