दिस इज हॉकविंड, डू नॉट पॅनिक

इंग्लंडमधील हॉकविंड या बँडचा हा लाइव्ह अल्बम 1984मध्ये फ्लिकनाइफ या कंपनीने प्रकाशित केला. त्याचे दोन भाग आहेत. मुख्य ध्वनिमुद्रिकेत लंडनमधील ल्यूशम ओडियन येथे डिसेंबर 1980मध्ये झालेली मैफल आहे. तीत क्रीम या बँडचे विख्यात ड्रमवादक जिंजर बेकर यांची साथ ऐकू येते. सोबतच्या 12 इंची ईपीवर जून 1984मधील स्टोनहेंज महोत्सवातील वादन आहे. या अल्बमचे ऐतिहासिक मोल प्रामुख्याने या दुसऱ्या भागात आहे.

हॉकविंडची स्थापना डेव्ह ब्रॉक यांनी 1969मध्ये लंडनमध्ये केली. स्पेस रॉक या प्रकाराचा हा अग्रगण्य बँड मानला जातो. दीर्घकाळ चालणारा एकसुरी ठेका, त्यावर पसरणारे गिटार व सिंथेसायझरचे स्वर आणि विज्ञानकथांतील विषय ही या संगीताची लक्षणे होत. तिकीट नसलेल्या महोत्सवांत विनामूल्य वाजवण्याची या बँडची प्रथा होती.

स्टोनहेंज हे विल्टशायरमधील प्रागैतिहासिक शिलावर्तुळ. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी त्याच्या अक्षाच्या दिशेने सूर्य उगवतो. या सोहळ्यानिमित्त 1974पासून दर जूनमध्ये लगतच्या मैदानात हजारो लोक विनापरवाना तळ ठोकत. मात्र या गर्दीमुळे परिसरातील प्राचीन थडग्यांची हानी होत असल्याची तक्रार वाढत गेली. अखेर 1985चा महोत्सव रोखण्यासाठी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवण्यात आला. 1 जून 1985 रोजी स्टोनहेंजकडे निघालेला वाहनांचा तांडा पोलिसांनी अडवला, गाड्या फोडल्या आणि 500हून अधिक जणांना अटक केली. ही घटना 'बॅटल ऑफ द बीनफील्ड' या नावाने ओळखली जाते. पुढे 1991मध्ये त्यांपैकी काही जणांना न्यायालयाने पोलिसांकडून नुकसानभरपाई मिळवून दिली.

महोत्सव मात्र पुन्हा भरला नाही. त्यामुळे एका वार्षिक प्रथेचा भाग म्हणून झालेले 1984चे हे ध्वनिमुद्रण अखेरच्या स्टोनहेंज महोत्सवाची आठवण ठरले. 2000पासून उत्तरायणाच्या अखेरच्या त्या पहाटे शिलावर्तुळात लोकांना पुन्हा मुक्त प्रवेश मिळू लागला. परंतु त्या मैदानातील तळ आणि तेथे रात्रभर चालणारे संगीत आता केवळ अशा ध्वनिमुद्रिकांतच उरले आहे.