ॲपवर काम करणाऱ्यांचे संप आणि त्यांची कारणे

भारतात ॲपवरच्या टॅक्सी आणि घरपोच सेवांमधील संपांना २०१७ पासून धार आली. मागण्या शहरागणिक बदलल्या, तरी मूळ तक्रार एकच राहिली: कामाचा दर कंपनी ठरवते, हवा तेव्हा बदलते आणि काम करणारा कायद्याने तिचा कामगार ठरत नसल्याने त्याला दाद मागायला जागा उरत नाही.

ओला २०१० मध्ये सुरू झाली, उबर २०१३ मध्ये भारतात आली. सुरुवातीला प्रवाशांना स्वस्त भाडे आणि चालकांना भरघोस इन्सेन्टिव्ह मिळत असे. त्या कमाईच्या भरवशावर अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. गाड्या वाढल्या तसे इन्सेन्टिव्ह आटले. कंपनीचे कमिशन आणि कर्जाचे हप्ते मात्र सुटले नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्ली आणि बंगळूरचे चालक संपावर गेले. मुंबईत २२ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालेला संप दहा दिवसांहून अधिक चालला. त्या वर्षी डिझेल महागले होते आणि भाडेवाढ ही चालकांची मुख्य मागणी होती.

इतर सेवांतही हेच घडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये घरी येऊन सेवा देणाऱ्या ‘अर्बन कंपनी’च्या ब्युटिशियन महिलांनी वाढते कमिशन आणि दंड यांविरुद्ध आंदोलन केले. एप्रिल २०२३ मध्ये किराणा घरपोच देणाऱ्या ब्लिंकिटने ऑर्डरमागचा किमान मोबदला २५ रुपयांवरून १५ रुपयांवर आणून अंतरानुसार जादा रक्कम देण्याची पद्धत लावली, तेव्हा दिल्ली परिसरातील रायडरांनी काम थांबवले.

मुंबईने असा प्रश्न पूर्वी पाहिला होता. बाजारपेठांत ओझी वाहणारे माथाडी टोळीने काम करत. मजुरी मालाच्या नगावर किंवा वजनावर मिळे आणि व्यापारी त्यांना आपले कामगार मानत नसत. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक आणि कामगार दोघांची नोंद या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे होऊ लागली. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) मालकाने मंडळात भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि औषधोपचार द्यायचे, अशी सोय झाली.

राजस्थानच्या २०२३ च्या गिग कामगार (म्हणजे ॲपवर काम करणाऱ्यांसारखे कामगार) कायद्यात हीच धाटणी दिसते: कल्याण मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली आणि कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणीची जबाबदारी टाकली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तरीही ३१ डिसेंबर २०२५ ला देशभर संपाची हाक दिली गेली. योग्य मोबदला आणि दहा मिनिटांत माल पोहोचवण्याची सक्ती रद्द करणे या त्या संपाच्या प्रमुख मागण्या होत्या. माथाडी मंडळाला मजुरीचे दर ठरवण्याचाही अधिकार आहे. नव्या कायद्यांनी निधीची तजवीज केली, पण दर कंपनीच्याच हाती ठेवला. म्हणून संपांचे मूळ कारण अजून कायम आहे.